टाके निघाल्यानंतर : पुनर्रचनात्मक प्लास्टिक सर्जरीच्या रुग्णासाठी प्रस्तावना

पिंपळनेर, दहिवेल, साक्री या पट्ट्यातला माणूस प्लास्टिक सर्जनकडे आपणहून जात नाही, त्याला पाठवावं लागतं. कडबाकुट्टीत बोटं जातात. चुलीसमोर पदर पेटतो. कोंडाईबारीच्या घाटात मोटरसायकल ट्रकखाली येते. साप चावल्यावर जीव वाचतो, पण पायाची कातडी काळी पडून गळून जाते. तंबाखूने गालात आतून गाठ येते. बाळ फाटलेला ओठ घेऊन जन्मतं. मग गावातला डॉक्टर किंवा ग्रामीण रुग्णालय चिठ्ठी देतं, आणि चिठ्ठीवर धुळे, नाशिक, नाहीतर सुरत असं काहीतरी लिहिलेलं असतं. मी सर्जन नाही, ही चिठ्ठी देणाऱ्यांपैकी एक आहे. चिठ्ठी हातात घेऊन एसटीत बसणाऱ्या घराची कल्पना अशी असते की ही सर्जरी म्हणजे नट्यांनी नाक नीट करून घेण्याची, पैसेवाल्यांची हौस, आणि ती आपल्या माथी कशी आली कोण जाणे.

नाक सुबक करून घेणं ही याच विद्येची एक फांदी आहे आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण खोड वेगळं आहे. अपघात, भाजणं, कॅन्सर, जन्मजात व्यंग किंवा कुष्ठरोग यांनी शरीराचा जो भाग गेला, तो शरीरातल्याच दुसऱ्या भागातून उभा करायचा, आणि उभा करताना आधी काम, मग रूप असा क्रम ठेवायचा. पापणी मिटली पाहिजे, नाहीतर डोळा जातो. तोंड उघडलं पाहिजे, नाहीतर घास जात नाही. अंगठा बोटाला टेकला पाहिजे, नाहीतर विळा धरता येत नाही. दिसण्याचा विचार सर्जन पहिल्या दिवसापासून करतो, तरी दोहोंत एकच निवडायची वेळ आली तर तो मिटणारी पापणी निवडतो. रुग्णाला हे आधी सांगितलेलं नसलं की ऑपरेशन यशस्वी होऊनही घर नाराज होतं. असं मी पुष्कळदा पाहिलंय.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि माझ्या मते तीच मुख्य. ‘एकदाचं काय ते ऑपरेशन करून टाका’ असं आमच्याकडे म्हणतात. अपेंडिक्सच्या बाबतीत ते चालतं. इथे चालत नाही. ही शस्त्रक्रिया बहुधा टप्प्याटप्प्याने होते, आणि दोन टप्प्यांमधले महिने रुग्णाच्या घरात, त्याच्या माणसांच्या हातांत असतात. सर्जनचं काम चांगलं झालेलं असूनही हात वाकडाच राहिला, मान आखडलेलीच राहिली, असे जे रुग्ण दिसतात त्यांच्यापैकी बहुतेकांचं बिनसतं ते टाके निघाल्यानंतर.

या विद्येचा जगभर गाजलेला एक रुग्ण मराठी मुलखातला, बैल हाकणारा माणूस होता. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात, केवळ ‘बी. एल.’ अशी सही असलेलं एक पत्र छापून आलं. त्यात कावसजी नावाच्या माणसाची हकिकत आहे. नाव कानाला पारशी वाटतं, पण पत्रात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचं म्हटलं आहे. १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर तो बैल हाकत होता. टिपूच्या हाती सापडला, आणि त्याचं नाक व एक हात कापण्यात आला. त्याच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला आणि पुढे कंपनी सरकारचा पेन्शनर झाला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नाक करून दिलं.

कसं दिलं ते पत्रात इतकं नेमकं आहे की आजच्या सर्जनलाही त्यात विशेष चूक काढता येणार नाही. आधी मेणाचं नाक करून ते तुटलेल्या जागी बसवून पाहिलं. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवलं आणि कडेने रेघ आखली. त्या आकाराची कातडी कपाळावरून सोडवली, पण दोन डोळ्यांच्या मधोमध एक पट्टी तशीच जोडलेली ठेवली, कारण रक्त तिच्यातून येणार होतं. कातडी पिळून खाली वळवली, कडा चिरीत बसवल्या, आणि पाण्यात कालवलेला कात फडक्याच्या पट्ट्यांना लावून त्या एकावर एक चिकटवल्या. चार दिवस ते तसंच. नंतर तुपात भिजवलेली फडकी. पाचसहा दिवस रुग्णाने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे. सुमारे पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधली ती जोडपट्टी कापायची. आज कपाळाचा फ्लॅप नाकाला लावला तर तोही साधारण तीन आठवड्यांनी सोडवतात. दोनशे तीस वर्षांत भूल आली, जंतूंचं ज्ञान आलं, टाक्यांचा धागा केसाहून बारीक झाला. तीन आठवडे मात्र जागचे हलले नाहीत, कारण नवीन रक्तवाहिन्या धरायला शरीराला लागतो तेवढा वेळ लागतोच.

सवाई माधवराव आणि नाना फडणविसांची चित्रं काढणाऱ्या जेम्स वेल्सने या कावसजीचंही चित्र काढलं. लंडनचे सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी ही हकिकत वाचून पुष्कळ विचार केला, १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया तिथे केली, १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं, आणि युरोपात या विद्येला नवी सुरुवात झाली. एरवी अशा इतिहासात सर्जनचं नाव उरतं आणि रुग्ण ‘एक इसम’ होतो. इथे उलट झालं. रुग्णाचं नाव राहिलं, नाक करणाऱ्या त्या कारागिराचं कुणी लिहून ठेवलं नाही. हा दुसरा अन्याय आहे, पण या पुस्तिकेपुरती मला पहिली गोष्ट सोयीची वाटते.

मात्र पत्रात एक जागा रिकामी आहे. कपाळाची कातडी नाकावर लोंबत असताना ते पंचवीस दिवस कावसजीने कसे काढले? तो काय खात होता, कुशीवर वळू नये म्हणून रात्री कोण जागत होतं, मधेच पट्टी ओढून काढावीशी वाटली तेव्हा त्याला कुणी थांबवलं? एक हात नसलेल्या माणसाला हे सगळं कुणीतरी करूनच दिलं असणार. कात आणि तूप यांचा हिशेब पत्रात आहे, हे करून देणाऱ्याचा नाही. पुढची पानं त्या रिकाम्या जागेविषयी आहेत.

आणि कावसजीचा हात? तो परत मिळाला नाही, त्या काळी मिळणं शक्यही नव्हतं. मेलेल्या माणसाचे हात जिवंत माणसाला जोडण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया २०१५ मध्ये कोचीत झाली, आणि २०२० मध्ये मुंबईतही झाली. ती विरळा आहे, आयुष्यभर औषधं मागणारी आहे. पण स्वतःचंच तुटलेलं बोट किंवा हात परत जोडणं आता इतकं विरळा राहिलेलं नाही. तिथे प्रश्न घड्याळाचा असतो, आणि पिंपळनेरहून तो फार अवघड होतो. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिचं तोंड बांधायचं, आणि ती पिशवी बर्फात ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवलं तर गोठून मरतं, पाण्यात टाकलं तर फुगून मरतं. थंड ठेवलेल्या बोटाला बराच अवधी मिळतो. मनगटावरून किंवा दंडातून तुटलेल्या हातात मांस जास्त असतं, त्याला सहा तासांच्या आत रक्त सुरू झालं तर बरं. धुळं इथून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, सटाण्यावरून नाशिक त्याहून लांब. म्हणून निघण्याआधी फोन करून सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडणारा सर्जन आज कुठे हजर आहे हे विचारणं हाच पहिला उपचार. आधी जवळच्या दवाखान्यात, मग तिथून दुसऱ्या, मग तिसऱ्या असं करत गेलेल्यांचे सहा तास वाटेतच संपतात.

आता ग्राफ्ट आणि फ्लॅप या दोन गोष्टी. वॉर्डात हे दोन शब्द सतत कानावर पडतात आणि त्यांतला फरक कळला की पुढचं बरंचसं आपोआप कळतं.

ग्राफ्ट म्हणजे एका जागेची कातडी सोलून दुसऱ्या जागी लावणं. बहुतेक वेळा मांडीवरून, पापुद्र्याइतकी पातळ. ती स्वतःचं रक्त घेऊन येत नाही. आमच्याकडच्या शेतकऱ्याला मी कांद्याच्या रोपाचं उदाहरण देतो. वाफ्यातून उपटलेलं रोप दुसरीकडे लावलं की पहिले काही दिवस ते नुसत्या ओलीवर तग धरतं, मुळं धरली की मग उभं राहतं, आणि त्या दिवसांत कुणी हलवलं तर गेलं. ग्राफ्टही पहिले दोन दिवस जखमेच्या ओलाव्यावर जगतो, चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत खालून रक्तवाहिन्या धरतो. म्हणून पहिलं ड्रेसिंग साधारण पाचव्या दिवशी उघडतात. ‘चार दिवस झाले, कुणी पट्टीसुद्धा बदलली नाही’ ही तक्रार मग राहत नाही. न बदलणं हाच तिथे इलाज असतो. खाली रक्ताची गाठ झाली, पू झाला किंवा ग्राफ्ट सरकला तर तो तेवढ्या भागात धरत नाही, आणि थोडा भाग न धरणं ही नेहमीची गोष्ट आहे, ऑपरेशन फसल्याची खूण नव्हे. आणखी एक, जी आधी क्वचितच सांगितली जाते. जिथून कातडी घेतली ती मांडी, लावलेल्या जागेपेक्षा जास्त दुखते. ती दोनतीन आठवड्यांत आपोआप भरते. तिथली पट्टी चिकटून बसते, ती ओढून काढायची नाही, आपण होऊन सुटू द्यायची.

हाड, स्नायूची दोरी किंवा नस उघडी पडली असेल तिथे ग्राफ्ट धरत नाही, कारण खाली ओल नाही. तिथे फ्लॅप लागतो. फ्लॅप स्वतःचं रक्त बरोबर घेऊन येतो. तो शेजारून वळवून आणतात, किंवा कावसजीसारखा काही दिवस जोडलेला ठेवून नंतर कापतात, किंवा रक्तवाहिन्यांसकट पूर्ण काढून दुसरीकडे सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. शेवटच्या प्रकारात पहिले एकदोन दिवस नर्स तासातासाला येऊन रंग आणि ऊब बघते. मध्यरात्री तिने धावपळ केली आणि रुग्णाला परत ऑपरेशनला नेलं तर घाबरून कागदावर सही करायला नकार देऊ नका. रक्ताची गुठळी वेळेत काढली तर फ्लॅप वाचतो, सकाळपर्यंत थांबलं तर नाही.

मधला प्रकार आमच्या भागातल्या हाताच्या जखमांना पुष्कळ वेळा लागतो. जांघेच्या कातडीचा फ्लॅप सोडवून हात त्यालाच शिवतात आणि तीन आठवडे तो तसाच ठेवतात. ऐकायला विचित्र वाटतं. जिथे सूक्ष्मदर्शक नाही तिथेही हा करता येतो आणि भरवशाचा आहे. पण त्या तीन आठवड्यांत माणसाला कपडे घालता येत नाहीत, संडासला दुसऱ्याची मदत लागते, आणि वॉर्डात चारचौघांत लाज वाटते. हे आधी सांगितलं तर बहुतेक जण निभावून नेतात. न सांगता भुलीतून जाग आल्यावर स्वतःचा हात जांघेला शिवलेला पाहणं फार वाईट. एक तरुण मला म्हणाला होता, ‘मले वाटनं, डॉक्टरनी काहीतरी उलटंच करी टाकं.’

तोंडाच्या कॅन्सरमध्ये जबडा काढावा लागला तर पायाच्या पोटरीतलं बारीक हाड कातडीसकट घेऊन नवा जबडा करतात. ‘पाय जाईल का?’ हा पहिला प्रश्न असतो. वजन पेलणारं मोठं हाड जागेवरच राहतं. काही आठवडे सांभाळून चालावं लागतं, नंतर माणूस शेतात जातो. इथे तंबाखूविषयी एक वाक्य, कारण ते इथे निव्वळ उपदेशाचं राहत नाही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅप जगतो तो त्याच वाहिन्यांवर. विडी, गुटखा, तपकीर, आणि बायकांची मिश्रीसुद्धा, ऑपरेशनच्या काही आठवडे आधी आणि नंतर बंद. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, हे टपरीवर कुणी सांगत नाही म्हणून इथे लिहिलं.

सिकलसेलचंही सांगायला हवं. साक्री, नवापूर, नंदुरबार या आदिवासी पट्ट्यात हा रक्तदोष पुष्कळ घरांत आहे. भिल्ल, कोकणा, मावची, पावरा कुटुंबांत तो माहीत असतो, पण हाताच्या किंवा पायाच्या ऑपरेशनला जाताना कुणी तो बोलून दाखवत नाही, कारण दुखणं तर हाताचं आहे. थंडी, पाण्याची कमतरता, कमी पडलेला ऑक्सिजन, रक्त थांबवण्यासाठी बांधलेला पट्टा या प्रत्येकाने सिकलसेलच्या रुग्णाचं रक्त अडू शकतं, आणि अडलेल्या रक्तावर ना ग्राफ्ट धरत ना फ्लॅप. तपासणीचं कार्ड असेल तर ते रेशनकार्डाबरोबर ठेवा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरला आपणहून दाखवा. तपासणी झालेली नसेल तर करून मागा.

भाजलेल्यांविषयी या पुस्तिकेत सर्वांत जास्त पानं आहेत, आणि असायलाच हवीत. भाजल्याबरोबर वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट नाही, शाई नाही, शेण नाही, राख नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्या क्षणी कुणालाच आठवत नाही. पण कमी माहीत असलेली गोष्ट अशी की भाजलेल्या माणसाला ज्या अवस्थेत बरं वाटतं, त्याच अवस्थेत त्याची कातडी आखडते. मान भाजली की तो हनुवटी छातीला टेकवतो, घरचे मायेने डोक्याखाली उशी देतात, आणि तीन महिन्यांत हनुवटी छातीला चिकटते. कोपर वाकवून धरलं की कोपर वाकडं राहतं. म्हणून उशी डोक्याखाली नको, खांद्यांखाली हवी, म्हणजे मान मागे पडते. दुखलं तरी सांधा सरळ धरून ठेवणारी स्प्लिंट हवी, रडलं तरी व्यायाम हवा. आईला हे करवत नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. मग घरातल्या थोड्या कठोर माणसाने ते करावं, बहुतेक घरांत एखादा मामा किंवा आत्या असतेच.

वण हा प्रकारही आधी समजून घ्यावा. टाके निघाले त्या दिवशी वण बारीक आणि देखणा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो लाल होतो, उंचावतो, खाजतो. घरच्यांना वाटतं काम बिघडलं, आणि ते दुसरा डॉक्टर, तिसरा डॉक्टर, शेवटी भगत असं करत फिरतात. वणाची ही चाल ठरलेली आहे. त्याला मऊ आणि फिका व्हायला वर्ष लागतं, कधी दीड. तोवर तेलाने मालिश, सिलिकॉनची जेल किंवा पट्टी, उन्हापासून जपणं, आणि मोठ्या भाजण्यात अंगाला घट्ट बसणारे दाबाचे कपडे, दिवसाचे तेवीस तास. तेवीस तास म्हणजे अंघोळीचा वेळ सोडून सगळा दिवस. हा सल्ला आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार करून दिलेला नाही. मे महिन्यात खानदेशात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, पत्र्याच्या घरात त्याहून वर, आणि त्यात तो आवळ कपडा. रुग्ण तो काढून ठेवतात आणि तपासणीला जाताना एसटी स्टँडवर पुन्हा चढवतात. मी त्यांना दोष देत नाही. पण डॉक्टरला खरं सांगा. दोन जोड घेता येतात, दुपारचे काही तास सोडून रात्रभर घालता येतात. तुम्ही घालत नाही हे त्याला माहीत नसेल तर तो वणाचं कारण दुसरीकडे शोधत बसतो.

पैशांचं. राज्य सरकारची जनआरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळं होतं. तेव्हा तिला राजीव गांधी जीवनदायी म्हणत, २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने आहे. भाजणं आणि प्लास्टिक सर्जरी दोन्ही तिच्यात येतात. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेने या भागात खूप बदल केला, हे मान्यच करायला हवं. जमीन गहाण टाकून केलेल्या ऑपरेशनांच्या गोष्टी मी आधीच्या काळात जितक्या ऐकल्या तितक्या आता ऐकत नाही. तरी मूळ पॅकेजमध्ये घरी परतायचं एसटीभाडं एकदाचंच धरलेलं होतं, आणि ती कल्पना मला या सर्जरीच्या बाबतीत नेहमी खटकत आली आहे. माणूस एकदा परतत नाही. तो ड्रेसिंगला जातो, स्प्लिंट बदलायला जातो, दुसऱ्या टप्प्याला जातो, दर खेपेला सोबती घेऊन, दोघांची मजुरी बुडवून. दिवाळीनंतर ऊसतोडीला बारडोलीकडे जाणारं कुटुंब तर उन्हाळ्यापर्यंत हाती लागत नाही. म्हणून पहिल्या भेटीतच सर्जनला आपलं वर्षाचं वेळापत्रक सांगा. पेरणी कधी, ऊसतोड कधी, घरात लग्न कधी. तातडीचं असेल ते तो लगेच करेलच, पण थांबू शकणारे टप्पे कधी घ्यायचे हे दोघांनी मिळून ठरवता येतं. बहुतेक सर्जन आपणहून विचारत नाहीत, विचारलं तर ऐकतात.

आणखी काही प्रश्न विचारण्यासारखे आहेत. एकूण किती ऑपरेशनं लागतील? कातडी कुठून घेणार? हात पहिल्यासारखा होईल का हा प्रश्न सगळेच विचारतात, ‘मना हात पहिलासारखा व्हई का?’, आणि त्याचं खरं उत्तर बहुधा ‘नाही’ असतं. म्हणून त्याऐवजी विचारा की या हाताने मला पाण्याचा तांब्या धरता येईल का, बैल धरता येईल का, दाराची कडी लावता येईल का. मग उत्तर नेमकं येतं. नाही केलं तर काय होईल, हेही विचारा. पुष्कळदा उत्तर येतं की काही बिघडणार नाही, आणि तेव्हा न करणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. दाखवलेले फोटो सर्वांत चांगल्या निकालांचे असतात. साधारण निकालाचा फोटो मागा.

फाटलेल्या ओठाचं आणि टाळूचं प्रकरण आनंदाचं आहे. हजार-सातशे बाळांत एकाला हे होतं. आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून होत नाही. ओठ जुळतो तो गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांत, अनेकदा बाईला दिवस गेल्याचं कळण्याच्या सुमारासच. सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाईंना वाचून दाखवायला हे वाक्य मुद्दाम स्वतंत्र पानावर मोठ्या अक्षरात छापलं आहे. ओठ तीन ते सहा महिन्यांत, टाळू वर्ष-दीड वर्षाच्या आत. त्यानंतर वाचा शिकवणारा हवा, नाहीतर बोलणं नाकातून येतं. आठ-दहा वर्षांचं झाल्यावर हिरडीत हाड भरावं लागतं. म्हणजे हेही एकदाचं नाहीच. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मूल दाखवलं की पुढची वाट तेच लावतात. याच व्यंगासाठी पंढरपूरचे डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेतून दरवर्षी येत, गावोगावच्या शिबिरांत हजारो मुलांचे ओठ शिवत. ते स्वतः अपघाताने चाकाच्या खुर्चीवर होते. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०११ मध्ये ते गेले. टाळूच्या फटींचं एक वर्गीकरण ज्या नावाने ओळखलं जातं तेही आपलंच आहे, ‘नागपूर वर्गीकरण’. ते डॉ. सी. बालकृष्णन यांचं, ज्यांनी नागपूरच्या मेडिकल कॉलेजात १९५८ मध्ये प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला.

डॉ. नोशीर अंतिया यांचं नाव मात्र मला इथे वेगळ्या कारणासाठी घ्यायचं आहे. पहिल्या महायुद्धात सैनिकांचे फुटलेले चेहरे उभे करणाऱ्या हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली ते शिकले, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी विभाग चालवला, आणि पुण्याजवळ कोंढव्याला कुष्ठरुग्णांची बसलेली नाकं आणि वाकलेली बोटं नीट केली. एवढा नावाजलेला सर्जन पुढे रायगड जिल्ह्यातल्या मांडव्याला गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवायला गेला. आरोग्याचं मोठं काम दवाखान्याबाहेर, लोकांच्याच हातून होतं, हे ते मांडत राहिले. टाके निघाल्यानंतरचं काम कुणाचं, या प्रश्नाला एका सर्जननेच कृतीतून दिलेलं हे उत्तर मला पटतं.

चेहऱ्याविषयी थोडं. इंग्लंडमध्ये सिडकप इथे गिलीज यांच्या रुग्णालयात वॉर्डांतून आरसे काढून टाकले होते. दुसऱ्या महायुद्धात ईस्ट ग्रिनस्टेड या गावी आर्किबाल्ड मॅकिंडो यांनी उलट केलं. जळालेल्या वैमानिकांना त्यांनी गावात फिरायला, चहा प्यायला पाठवलं आणि गावकऱ्यांना आधी सांगून ठेवलं की टक लावून बघू नका. रुग्णांनीही १९४१ मध्ये आपला क्लब काढला. मला दुसरी पद्धत पटते, पण ती गावाने स्वीकारावी लागते. पिंपळनेरच्या बाजारात भाजलेल्या चेहऱ्याची बाई पदर ओढून चालते, आणि ‘तोंड दखाडाले लाज वाटस’ म्हणते. तिला धीर देणारे पुष्कळ भेटतात. तिच्याशी कांद्याचा भाव बोलणारे कमी भेटतात. ॲसिड हल्ल्यातल्या व्यक्तींना २०१६ च्या कायद्याने दिव्यांगांत गणलं आहे, प्रमाणपत्र मिळतं, आणि त्याचा कागदोपत्री फायदा आहे. तो घ्यावा.

पुस्तिका वाचायची कशी, तेवढं राहिलं. रुग्ण दुखण्यात असतो, त्याच्याने वाचणं होत नाही. म्हणून ही सोबत्याने वाचावी, आणि भरती होण्याआधीच ग्राफ्ट आणि फ्लॅपचं प्रकरण वाचून काढावं. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, रक्तगटाचा कागद आणि आधी-नंतरचे फोटो एका पिशवीत ठेवावेत, कारण दुसऱ्या टप्प्याला पहिला सर्जन भेटेलच असं नाही, आणि नव्याला कातडी कुठून घेतली होती हे त्या नोंदीवरूनच कळतं. फिजिओथेरपिस्टचा फोन नंबर सर्जनच्या नंबराइतकाच जपून ठेवावा. ज्यांना मराठी वाचून दाखवलेलं नीट समजत नाही त्यांना अहिराणीत, भिलीत, कोकणा बोलीत समजावून सांगावं, आणि सांगून झाल्यावर त्यांनाच विचारावं की पाचव्या दिवशी काय करायचं, उशी कुठे ठेवायची. उत्तर चुकलं तर ते पान पुन्हा वाचावं.